इथवर पाहिलं

सात नंबरच्या टेबलावरचं पेन बरोबर साडेअकराला संपलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

तसं ते साधंच पेन. पण त्याला सुतळी होती. मतमोजणीच्या त्या सभागृहात चोवीस टेबलं मांडली होती, प्रत्येकावर एक लिहायची फळी आणि फळीला वीतभर सुतळीने बांधलेलं एक पेन. फळीवरच्या चिठ्ठीत आकडा लिहिता यावा, पण टोक मतपत्रिकेपर्यंत पोहोचू नये, अशी कुणा शहाण्याची योजना. माणसांची नियत बांधता येत नाही म्हणून पेनं बांधलेली. सुटं पेन किंवा पेन्सिल आत आणायला सक्त मनाई, अशी पाटी दारावर हातभर अक्षरांत लावली होती. एवढ्या मोठ्या अक्षरांतली पाटी कोण वाचतो?

टेबलाच्या प्रमुख होत्या गणिताच्या बाई. शाळेत बत्तीस वर्षं झालेली, निवृत्तीला तीन महिने उरलेले. बत्तीस वर्षांत त्यांच्या बेरजेत कुणाला चूक सापडली नव्हती. ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, कारण बाकीचे सगळे सांगायचे. त्यांच्या हाताखाली त्यांच्याच शाळेतले चित्रकलेचे सर दिले होते. शिडशिडीत, अबोल, दर वर्षी नव्या करारावर घेतलेला माणूस. कानामागे पेन्सिल. दारावरच्या पोलिसाने त्यांचे खिसे चाचपले, पिशवी उपडी केली, मोबाइल काढून घेतला, पण कानामागे काही पाहिलं नाही. पेन्सिल तिथे आहे हे सरांनाही आठवत नव्हतं. आपल्याला नाक आहे हे तरी कोण दिवसभर आठवत बसतं?

शहराने त्या खेपेला एकाच दिवशी तीन मतं दिली होती. पांढऱ्या कागदावर महापौर, गुलाबी कागदावर आमदार आणि पिवळ्या कागदावर नगरसेवक. महापौर आणि आमदार यांची भांडणं मोठमोठ्या फलकांवर चालतात. नगरसेवकाचं भांडण जिन्यात, नळावर आणि न्हाव्याच्या दुकानात चालतं, म्हणून ते जास्त झोंबतं. सात नंबरवर होती चौथ्या वॉर्डाची पिवळी मतं. उभे पाचजण होते, पण खरी झुंज दोघांत. एक कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण, दुसरा रस्त्यांचा ठेकेदार.

सर मतपत्रिका उलगडून उमेदवारांप्रमाणे ढीग लावत होते. बाई प्रत्येक पत्रिका पुन्हा एकदा पाहून पंचवीस-पंचवीसचा गठ्ठा करत होत्या. गठ्ठ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा, मग रबरबँड. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसलेले.

औषधवालीच्या नवव्या गठ्ठ्याला पेनने दगा दिला. बाईंनी ते झटकलं, टोकावर फुंकर मारली, फळीच्या कडेवर गोल गोल फिरवलं. ढिम्म. शिपायाला हाक मारावी तर तो अकरा नंबरवर. तिथे आमदाराच्या पेटीत महापौराची पांढरी पत्रिका निघाली म्हणून गलका चालला होता, आणि जाळीपलीकडची सगळी डोकी तिकडेच वळली होती. हातावर हात ठेवून बसणं बाईंच्या स्वभावात नाही.

"सर, पेन्सिल द्या जरा."

सरांनी कानामागे हात नेला, पेन्सिल हाताला लागली तेव्हा स्वतःच दचकले, आणि मुकाट्याने दिली. बाईंनी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि एकेक कागद पाहत गठ्ठा पुन्हा मोजून बांधला. पाच-सात मिनिटांत शिपाई नवं पेन बांधून गेला. बाईंनी पेन्सिल परत केली, ती पुन्हा कानामागे गेली. घडलं ते एवढंच.

दीड वाजता आकडे लागले. औषधवाली नऊ मतांनी पुढे.

जाळीपलीकडे ठेकेदाराचा प्रतिनिधी ताडकन उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, पोट जरा सुटलेलं, आवाज मात्र लोण्यासारखा. फेरतपासणीचा अर्ज त्याच्याकडे सकाळपासून लिहून तयार होता. बाईंनी त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. वीसेक वर्षांपूर्वीचा त्यांचा विद्यार्थी. शाळेत सगळे त्याला खोडरबर म्हणायचे.

निवडणूक अधिकारी साहेबांनी चौथ्या वॉर्डाचे सगळे गठ्ठे मंचावर मागवले. टेबलप्रमुख म्हणून बाईंना आणि त्यांच्यामागोमाग सरांना वर बोलावलं. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधीही वर आले: खोडरबर, आणि औषधवालीचा नवरा, जो घामाने आधीच निथळत होता. साहेब एकेक गठ्ठा सोडत होते, दाखवत होते, बांधत होते. औषधवालीचे आठ गठ्ठे सुरळीत गेले. नवव्याशी त्यांचा हात थांबला.

त्यांनी पहिला कागद उचलून उजेडाकडे धरला. मग दुसरा, मग तिसरा. मग पंचवीसच्या पंचवीस टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक छोटीशी खूण होती. बरोबरची खूण.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"मी सांगतो काय आहे!" औषधवालीचा नवरा ओरडला. "आमची मतं बाद करायचा डाव आहे! ते बघा, त्यांच्या कानाला पेन्सिल आहे!"

सगळ्यांनी पाहिलं. सरांचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ठेकेदाराच्या कचेरीची पाटी याच माणसाने रंगवलीय. मी याला शिडीवर चढलेला पाहिलाय. पैसे चारलेत याला!"

"साहेब," खोडरबर शांतपणे म्हणाला, "कुणावर उगाच आळ कशाला? मत विकणारा माणूस ओळख पटावी म्हणून अशी खूण करतो. नियम तर तुम्हाला माहीतच आहे. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद."

साहेबांनी चष्मा काढला. वयाने ते बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण तीन रात्रींच्या जागरणाने म्हातारे दिसत होते.

"नीट ऐका सगळे. खुणा पेटीतूनच आल्या असतील तर पंचवीस मतं बाद. या सभागृहात कुणी केल्या असतील तर मतं धरायची आणि करणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. तिसरा रस्ता माझ्याकडे नाही. मॅडम, टेबल तुमचं. प्रत्येक कागद तुमच्या नजरेखालून गेलाय. खुणा आधीपासून होत्या की नव्हत्या, एवढंच मला लेखी हवंय. तुमच्या जबाबावर ठरेल."

पंचवीस वजा नऊ, सोळा. म्हणजे ठेकेदार सोळा मतांनी निवडून. बाईंच्या डोक्याने ही वजाबाकी त्यांना न विचारता करून टाकली. मग त्या खुणा पाहायला वाकल्या, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आखूड सुरुवात, लांब शेपूट, शेपटाच्या टोकाला बारीकशी मुरड. ही खूण त्यांनी आयुष्यात किती लाख वेळा केली असेल कोण जाणे. पेपर तपासताना प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्या ती करत. तिचा अर्थ उत्तर बरोबर असा नव्हता. तिचा अर्थ होता, इथवर पाहिलं. आणि ही सवय लागली होती ती मंचावर हात बांधून उभ्या असलेल्या याच महाशयांमुळे. सहावीत असताना पेपर हातात पडला की हा चुकीचं उत्तर खोडून त्याजागी बरोबर लिहायचा, नाहीतर पानाच्या शेवटी दोन ओळी वाढवायचा, आणि निरागस तोंड करून यायचा, "बाई, याचे मार्क द्यायचे राहिले." तिसऱ्यांदा बाईंनी त्याला पकडलं आणि त्या दिवसापासून पानाच्या तळाशी खूण करायला लागल्या. खुणेखाली काही लिहिलं तर ते नंतरचं.

सवय शाळेपुरती राहिली असती तर बरं. पण हातात पेन्सिल आणि समोर कागद आला की बाईंचा हात आपोआप कोपऱ्याकडे जायचा. वाण्याची यादी, विजेचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, कशालाच सुटका नव्हती. नणंदेने मुलीच्या लग्नाची पत्रिका नजरेखालून घालायला दिली तर ती खूण होऊन परत गेली, आणि नणंदबाई सहा महिने फुगून होत्या. यजमान म्हणायचे, "माझ्या पाठीवर केली नाही अजून, हेच नशीब." सगळे हसायचे. बाईही हसायच्या.

आता त्यांना हसू येत नव्हतं. सकाळपासून सुतळीने त्यांना वाचवलं होतं. पेन्सिल मात्र सुटी होती.

त्यांनी मान वर केली. सर त्यांच्याचकडे पाहत होते. क्षणभरच. मग त्यांनी नजर खाली घातली आणि साहेबांना म्हणाले, "पेन्सिल माझीच आहे."

एवढंच बोलले. त्यात खोटं काही नव्हतं. पण पेन्सिल कुणी मागून घेतली होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगणार नव्हते.

जबाब मंचामागच्या खोलीत घ्यायचा होता. टंकलेखनिक येईपर्यंत दहा मिनिटं होती. पोलिसांना फोन गेला होता. सरांना एका खुर्चीवर बसवून शेजारी शिपाई उभा केला होता, आणि सर गुडघ्यांवर हात ठेवून वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे बसले होते. बाई पाणी प्यायला बाहेरच्या बोळात गेल्या. पेला भरला, पण तो तोंडापर्यंत जाईना.

"बाई, नमस्कार. ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? खोडरबर तू."

तो मनापासून हसला. "अजून कुणीतरी मला त्या नावाने हाक मारतंय म्हणायचं." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणला. "मीही ओळखलं, बाई."

"काय ओळखलंस?"

"तुमचा हात. शेपटाची ती मुरड. माझ्या वह्यांत तर दर पानावर होती."

बाईंनी पेला खाली ठेवला. पाणी सांडलं.

"घाबरू नका हो. मी काय तुमचा वैरी आहे का? उलट सगळ्यांचं भलं होईल असं बघतोय. तुम्ही फक्त लिहून द्या, खुणा आधीपासून होत्या. पोलीस आल्या पावली परत जातील. सर सुटतील. तुम्ही सन्मानाने निवृत्त व्हाल, आम्ही सगळे जुने विद्यार्थी सत्काराला येऊ. कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही."

"आणि ती पंचवीस माणसं?"

"त्यांना कुठे कळणार आहे, बाई? आपलं मत कुठल्या गठ्ठ्यात होतं ते कुणाला माहीत असतं?"

बाईंना त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना हायसं वाटलं. ही लाजेची गोष्ट आहे, पण तसं झालं. सर सुटत होते, हा विचार त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. माझ्यासाठी नाही, त्या स्वतःला सांगत होत्या, सरांसाठी. त्यांची नोकरी जाईल, त्यांच्या घरी दोन लहान मुली आहेत. आणि त्या सांगण्याच्या खाली, तळाशी, बत्तीस वर्षांचं नाव अंग चोरून बसलं होतं.

खोलीत साहेब, टंकलेखनिक आणि साक्षीला म्हणून दोन्ही प्रतिनिधी. साहेबांनी विचारलं, "खुणा आधीपासून होत्या का?"

"होत्या," बाई म्हणाल्या.

औषधवालीचा नवरा मटकन खुर्चीत बसला. "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्याची बायको जाळीपलीकडे उभी होती. काचेतून तिचा चेहरा दिसत होता, आणि इथे काय बोललं गेलं हे तिला अजून कळलं नव्हतं.

साहेबांनी आणखी चार प्रश्न विचारले. कागद कुणी उलगडले, गठ्ठा कुणी बांधला, किती वाजता. बाईंनी त्या चारांची उत्तरं खरी दिली. छापायच्या यंत्रातून दोन पानं बाहेर आली. साहेबांनी ती बाईंपुढे सरकवली आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं.

"वाचा आणि प्रत्येक पानावर सही करा."

साहेबांना फोन आला म्हणून ते खिडकीशी गेले. पोलिसांची गाडी फाटकाशी आली होती. टंकलेखनिक शिक्का शोधत होता. औषधवालीच्या नवऱ्याने डोकं हातात धरलं होतं.

बाई वाचू लागल्या. वाचायचं म्हणजे त्यांना एकाच तऱ्हेने वाचता येत होतं. पाचव्या ओळीत 'पंचविस' असं टंकलं होतं. त्यांनी वेलांटी दीर्घ केली. सातवीत एक स्वल्पविराम घातला. 'सदर खुणा मतपत्रिकेवर पूर्वीपासूनच होत्या' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, त्याला हात लावायचं कारण नव्हतं. पान संपलं. त्यांनी दुसरं घेण्यासाठी पहिलं उचललं आणि त्यांचं लक्ष गेलं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात खूण होती. आखूड सुरुवात, लांब शेपूट, टोकाला मुरड. शाई अजून ओली होती.

बाई पाहतच राहिल्या. जीभ म्हणाली, 'होत्या', आणि हाताने त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं होतं, 'नव्हत्या'. इथवर पाहिलं, असं त्या स्वतःच स्वतःला म्हणत होत्या.

खूण आणखी एकाने पाहिली होती. खोडरबर एका ढांगेत टेबलाशी आला. "साहेब, या पानावर शाई सांडलीय," तो गोड आवाजात म्हणाला, "दुसरी प्रत काढू या ना." आणि त्याने कागदाला हात घातला. वीस वर्षं गेली, पोट सुटलं, पण पेपर ओढून घ्यायची ती पद्धत तीच होती.

बाईंनी कागदावर तळवा दाबला.

"हात काढ."

"बाई, ऐका माझं. तीन महिने राहिलेत तुमचे."

"हात काढ म्हटलं ना!"

तो सहावीतला आवाज होता. खोडरबरने हात काढला. साहेब फोन तसाच धरून वळले.

"साहेब, तो नववा गठ्ठा आणा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "आणि हा कागद त्याच्या शेजारी ठेवा."

साहेबांनी ठेवला. बराच वेळ ते एकदा पिवळ्या कागदाकडे आणि एकदा पांढऱ्याकडे पाहत राहिले. औषधवालीचा नवरा उठून त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता आणि त्याच्या तोंडाचा आ झाला होता.

"तुमच्या?"

"माझ्या. पेन संपलं म्हणून मी सरांची पेन्सिल मागून घेतली. त्यांनी एका कागदालाही ती टेकवलेली नाही. पेपर तपासायची सवय आहे, हात गेला. मला कळलंसुद्धा नाही. मंचावर पाहिलं तेव्हा कळलं."

"म्हणजे आत्ताचा जबाब खोटा."

"खोटा."

"का दिलात, मॅडम?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते सोपं झालं असतं आणि ऐकायला चांगलंही वाटलं असतं.

"घाबरले," त्या म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. पंचवीस मतं धरली जातील, ते म्हणाले, आणि सर आत्ता घरी जातील. पण प्रकरण वर कळवावं लागेल. पोलीस नोंद करतील, चौकशी बसेल, आणि ती तीन महिन्यांत संपेल असं नाही. पेन्सिलीची गोष्ट एखादे वेळी माफ होईल, खोट्या जबाबाची होणं कठीण आहे. हे सगळं ते बाईंकडे न पाहता बोलले. मग त्यांनी शिपायाला सांगून सरांना मोकळं केलं. दार उघडं होतं. सर उठले, पण गेले नाहीत. तिथेच भिंतीला टेकून बाईंची वाट पाहत उभे राहिले.

खोडरबर दाराशी थबकला. "नऊ मतांनी घालवलंत, बाई."

"तुझं उत्तर चुकलंय, एवढंच," बाई म्हणाल्या. "आज मी तुझ्यासारखं खोडायला निघाले होते. जा आता."

मान खाली घालून तो गेला.

साहेबांनी टंकलेला जबाब बाजूला ठेवला आणि कोरा कागद पुढे केला. "तुमच्या हाताने लिहा. जे झालं तेवढंच."

बाईंनी लिहिलं. नऊ ओळी झाल्या. खाडाखोड एकही नाही. बाहेर सभागृहात कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं, हॅलो, हॅलो, आणि जाळीपलीकडे औषधवालीचा नवरा बायकोला हातवारे करून काहीतरी सांगत होता. लिहून झाल्यावर बाईंनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी वाचला. मग खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे खूण होती.

बाई ओशाळल्या. "अरे देवा. थांबा, दुसरा लिहून देते."

"नको," साहेब म्हणाले आणि पेन त्यांच्या हातात परत दिलं. "ती राहू द्या. तिच्या शेजारी सही करा."